परिचारिकांचे प्रश्न : काम सोपवायचे, पण कुणाला आणि कुठवर?

गेल्या अंकात आम्ही वाचक परिचारिकांना वॉर्डातील कामाच्या वाटणीविषयी लिहिण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली असून, लिहिणाऱ्यांची नावे आणि त्यांची रुग्णालये मुद्दामच दिलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्या लेखिका कोल्हापुरात दीर्घकाळ परिचर्येच्या सेवेत राहून अधिसेविका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.

प्रश्न : कोल्हापुरातील राजारामपुरीतील एका खासगी रुग्णालयात मी नऊ वर्षे स्टाफ म्हणून काम केले आणि मार्चपासून मला पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डाची इनचार्ज केले आहे. वॉर्ड २८ खाटांचा आहे. माझी ड्युटी दोनला संपते, पण घरी पोहोचायला पाच वाजतात. कुणाला काम सांगितले तरी माझे मन राहत नाही. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट मी पुन्हा तपासते, इंडेंट (सामानाचे मागणीपत्र) स्वतःच भरते, दुसरीने केलेले ड्रेसिंगही एकदा बघून घेते. परवा एक ज्युनिअर मुलगी म्हणाली, “ताई, शेवटी तुम्हीच करणार आहात तर आम्हाला सांगता कशाला?” माझे नेमके चुकते कुठे?

उत्तर : त्या मुलीचे बोलणे तुम्हाला झोंबले असणार, पण तुमच्या पत्राचे निम्मे उत्तर तिनेच देऊन ठेवले आहे. आपल्या कामावर इनचार्ज पुन्हा हात फिरवणार हे ज्याला ठाऊक असते, तो ते काम मन लावून करीत नाही. आणि त्याने ते मन लावून केले नाही म्हणून इनचार्जला पुन्हा हात फिरवावा लागतो. हे रहाटगाडगे तुमच्या बाजूनेच थांबवावे लागेल.

नऊ वर्षे तुमचे कौतुक झाले ते तुमच्या हाताचे. शीर सापडत नसली की तुम्हाला हाक मारायची, अवघड ड्रेसिंग तुमच्याकडे द्यायचे, असेच चालले असणार. इनचार्ज झाल्यावर मात्र तुमच्या कामाची परीक्षा तुम्ही घरी असताना होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात एक अख्खे प्रकरण याच विषयावर खर्ची घातले आहे : आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही व्हावे अशी व्यवस्था कशी लावायची. कोल्हापूरकरांना तर त्यासाठी तालमीत डोकावले तरी पुरे. वस्ताद जोड लावून देतो आणि हौद्याच्या कडेला उभा राहतो. पठ्ठ्याची पकड चुकली की वरून ओरडतो, पण लंगोट कसून त्याच्या जागी उतरत नाही. मात्र तो कडेवरून हलतही नाही. काम सोपवून चहाला निघून जाणाऱ्या इनचार्जही मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर त्या तुमच्यापेक्षा अधिक धोकादायक असतात.

मन राहत नाही याचे कारण बहुतेक वेळा समोरच्याचे अज्ञान नसून आपण दिलेल्या सूचनेचा अपुरेपणा हे असते. हे मी माझ्या एका चुकीतून शिकले. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुपारच्या ड्युटीला, पोटाचे ऑपरेशन झालेले एक वयस्क शेतकरी माझ्याकडे होते. त्यांना लघवीसाठी नळी आणि ती साठवणारी पिशवी, म्हणजे युरोबॅग, लावलेली होती. मी मावशींना म्हणाले, “मावशी, सात नंबरची युरोबॅग बघा.” तासाभराने विचारले, तर उत्तर आले, “बघितली सिस्टर, रिकामी आहे.” मी समजले की त्यांनी ती ओतून रिकामी केली. त्यांना म्हणायचे होते की बॅगेत काही आलेच नाही. पुढचे दोन तास ते आजोबा तळमळत राहिले आणि आम्ही दुखण्याचे इंजेक्शन कधी दिले होते ते केसपेपरवर शोधत बसलो. शेवटी चादर उचलली तेव्हा नळी मांडीखाली दुमडलेली सापडली. ती सरळ केल्याबरोबर धार लागली आणि बघता बघता ७०० मिलिलिटर लघवी उतरली. आजोबांना पुढे काही अपाय झाला नाही, हे त्यांचे आणि माझे नशीब. मावशींचा यात काडीचाही दोष नव्हता. मी ‘बघा’ म्हटले होते आणि त्यांनी बघितले होते.

तेव्हापासून सोपवलेल्या प्रत्येक कामाबरोबर दोन गोष्टी द्यायच्या, असे मी ठरवून टाकले : एक वेळ, आणि एक खूण, जी दिसली की हातातले सोडून माझ्याकडे यायचे. साधारण ६० किलो वजनाच्या माणसाला, किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर या हिशेबाने, तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. हा हिशेब मावशींना माहीत असण्याचे कारण नाही, आणि इतका बारीक आकडा साध्या युरोबॅगवर वाचताही येत नाही. नेमके माप हवे असेल तर युरोमीटरच लावावा लागतो. पण चार वाजता बॅगेवर लघवीच्या पातळीला चिकटपट्टीचा तुकडा लावून असे सांगता येते की, “मावशी, सहा वाजेपर्यंत लघवी या पट्टीच्या वर चढली नाही तर मी कुठेही असले तरी मला बोलवा, आणि बॅग ओतण्याआधी मला दाखवा.” मावशींना बॅगेवरचे इंग्रजी आकडे वाचता येतात का, हे मी कित्येक वर्षे विचारलेच नव्हते, पट्टीमुळे तो प्रश्नही मिटला.

अमेरिकेतील परिचर्या परिषदांच्या राष्ट्रीय संघटनेने काम सोपवण्याविषयी पाच कसोट्या घालून दिल्या आहेत : काम योग्य, परिस्थिती योग्य, व्यक्ती योग्य, सूचना योग्य आणि देखरेख योग्य. औषधाचे ‘पाच राईट’ (रुग्ण, औषध, डोस, मार्ग आणि वेळ योग्य) आपण शिकतो, त्याच धर्तीवर हे आहेत. पहिल्या तीन कसोट्या आपल्याकडे बऱ्यापैकी पाळल्या जातात. कोणती मुलगी कशात तयार आहे हे इनचार्जला चांगले ठाऊक असते. घसरगुंडी होते ती चौथ्या आणि पाचव्या पायरीवर. तुम्ही देखरेख करता, नाही असे नाही, पण काम पुरे झाल्यावर आणि करणारीच्या पाठीमागे करता. तीच देखरेख काम चालू असताना, तिच्या शेजारी उभे राहून दोनदा करा. ड्रेसिंग उघडून बघण्याऐवजी ती ड्रेसिंग करीत असताना बघा. तिसऱ्यांदा बघायची गरज वाटली नाही, तर ते काम तिचे झाले.

कोणती कामे स्वतःकडे किंवा अनुभवी नोंदणीकृत परिचारिकेकडे ठेवायची, याबाबत मी कडक आहे. ऑपरेशन थिएटरमधून रुग्ण वॉर्डात आल्यावरची पहिली तपासणी, रक्त चढवायला सुरुवात केल्यानंतरची पहिली १५ मिनिटे, आणि घरी सोडताना द्यायची समज ही कामे विद्यार्थिनीवर किंवा मदतनीसावर टाकू नयेत. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम क्लोराईड भरताना दोन नोंदणीकृत परिचारिकांनी वेगवेगळे वाचून ताडून पाहावे. एकीने वाचायचे आणि दुसरीने मान डोलवायची याला तपासणी म्हणत नाहीत. स्थिर रुग्णाचे बीपी दुसऱ्या कुणी मोजायला हरकत नाही. पण सकाळी १३०/८० असलेले बीपी दुपारी १००/६० झाले आणि नाडी ११० वर गेली, तर त्याचा अर्थ काय हे तुम्हीच ठरवायचे. मोजणाऱ्या मुलीवर ते सोडायचे नाही.

एक बदल मात्र उद्यापासूनच करा. कामे वाटू नका, रुग्ण वाटा. एकीने सगळ्यांची इंजेक्शने द्यायची, दुसरीने सगळ्यांचे बीपी मोजायचे, तिसरीने सगळी ड्रेसिंगे करायची, अशा वाटणीत काम भराभर उरकते, पण अकरा नंबरचा रुग्ण कसा आहे हे विचारले तर तिघी एकमेकींकडे बघतात आणि उत्तरासाठी तुमच्याकडेच यावे लागते. सकाळी चार स्टाफ असतील तर सात-सात खाटा द्या, अवघड रुग्ण एकीच्याच वाट्याला जाणार नाहीत एवढे बघा, आणि राउंडला सर आले की त्या त्या मुलीला बोलू द्या. पहिले काही दिवस सर तुमच्याकडेच बघून प्रश्न विचारतील. तुम्ही तिच्याकडे बघा.

राहिला इंडेंट. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शहराचे रस्ते बंद झाले, तेव्हा मी ज्या रुग्णालयात होते तेथील एका वॉर्डाच्या इनचार्ज पलीकडच्या गावात अडकल्या. आतल्या मुलींनी सलग ड्युट्या करून रुग्ण उत्तम सांभाळले, पण सलाईन आणि हातमोज्यांचा इंडेंट कसा भरायचा आणि कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे एकीलाही माहीत नव्हते. फोनही धड लागत नव्हता. शेवटी शेजारच्या वॉर्डातून उसने आणून दोन दिवस ढकलले. त्या बाई कामाला वाघ होत्या, वॉर्ड आरशासारखा ठेवायच्या, आणि त्यांनी सगळे स्वतःजवळ ठेवले होते. तुमच्या वॉर्डात निदान दोघींना इंडेंट भरता आला पाहिजे. महिनाभर त्यांना भरू द्या आणि तुम्ही फक्त सही करा.

प्रश्न : मी इचलकरंजीतील एका रुग्णालयात स्टाफ आहे. रात्री वीसएक रुग्णांमागे मी एकटी आणि एक मावशी असते. साहजिकच बरीच कामे नातेवाईकांना सांगावी लागतात : सलाईन संपले की बंद करा, नळीतून पेज घाला, ऑक्सिजन कमी वाटला तर थोडा वाढवा. दिवसपाळीच्या सिस्टर म्हणतात की हे चूक आहे. मग मी काय करावे?

उत्तर : त्या सिस्टरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तुमची अडचणही खरी आहे.

नातेवाईक हा आपला कर्मचारी नाही. त्याला काम सोपवले असे आपण म्हणूच शकत नाही, कारण त्याच्या चुकीची झळ त्याच्या माणसाला लागते आणि जाब नोंदणी असलेल्या परिचारिकेला द्यावा लागतो. तुमच्या तीन उदाहरणांतले ऑक्सिजनचे उदाहरण वाचून मी दचकले. श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट विकाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णात रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण साधारण ८८ ते ९२ टक्के राखायचे असते. कळकळीने बटण फिरवणाऱ्या मुलाला ९९ आकडा दिसला की बरे वाटते, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठून वडील गुंगीत जातात. वडिलांना छान झोप लागली, असे तो मुलगा तुम्हाला आनंदाने सांगेल. फ्लोमीटरला कुणीही हात लावायचा नाही, हे प्रत्येक नातेवाईकाला ड्युटीच्या सुरुवातीलाच सांगा.

नळीतून पेज घालण्याचे काम रात्री नकोच. राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी ही नळी, जागेवर आहे याची खात्री तुम्ही स्वतः केल्याशिवाय तिच्यातून काहीही जाता कामा नये, आणि त्या वेळी रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश वर हवे. रुग्ण नळीसह घरी जाणार असेल, तर नातेवाईकाला ते शिकवायलाच हवे. पण त्याला शिकवणे म्हणतात, आणि ते दिवसा, तुमच्या डोळ्यांसमोर तीनचार वेळा करून घेऊन व्हायला हवे. सलाईनच्या बाबतीत ‘संपत आले की मला हाक मारा’ इतकेच सांगा आणि त्यावरही विसंबू नका. बाटलीवर वेळेची पट्टी लावा : आठ तासांत १००० मिलिलिटर द्यायचे असेल तर तासाला १२५ च्या खुणा करा, आणि २० थेंबांना एक मिलिलिटर पडणारा सेट असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. खुणा केलेल्या असल्या की वॉर्डातून एक फेरी मारताना कोणती बाटली मागे आहे आणि कोणती पुढे पळते आहे, ते चालता चालता दिसते.

नातेवाईकांना मोकळेपणाने सांगावीत अशीही कामे आहेत : तोंड पुसणे, पाणी पाजणे (पिण्याची परवानगी असेल तर), कूस बदलायला हात देणे, आणि रुग्ण नेहमीपेक्षा वेगळा वागतो किंवा बोलतो आहे असे वाटले की तुम्हाला बोलावणे. हे शेवटचे त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते.

आता मनुष्यबळाविषयी. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणकानुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात ५ रुग्णांमागे १ आणि अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, शिवाय रजेवरच्यांसाठी ३० टक्के जादा. वीस रुग्णांमागे एकटी परिचारिका हा कामाच्या वाटणीचा प्रश्नच नव्हे, आणि वाटणी कितीही कौशल्याने केली तरी तो सुटणार नाही. रिपोर्ट बुकात रोज रात्री तारीख, रुग्णसंख्या, त्यांतले गंभीर किती आणि ड्युटीवर कोण एवढेच लिहीत जा. तक्रारीचा सूर लावू नका. दोन महिन्यांनी तेच पान घेऊन मेट्रनकडे, म्हणजे अधिसेविकेकडे, जा. तोंडी गाऱ्हाणे कानाआड करणे सोपे असते, साठ रात्रींची नोंद तितकी सोपी नसते.

प्रश्न : मी ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक आहे, वय २९. मला अतिदक्षता विभागाचा शिफ्ट इनचार्ज केले आहे. त्याच पाळीत एक सिस्टर आहेत, ज्यांनी मला विद्यार्थी असताना कॅन्युला (शिरेत बसवायची सलाईनची नळी) लावायला शिकवले. त्यांना काम सांगताना माझी जीभ अडते, आणि सांगितले तरी त्या “बघू रे” म्हणून आपल्या पद्धतीने करतात.

उत्तर : त्यांना काम सांगू नका, त्यांच्याकडे जबाबदारी मागायला जा. पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटे भेटून म्हणा, “ताई, आज चार नंबर व्हेंटिलेटरवर आहे आणि दोन्ही मुली नव्या आहेत. तुम्ही चार नंबर घ्याल का, की त्या मुलींवर लक्ष ठेवाल?” दोन्ही कामे मानाची आहेत आणि निवड त्यांची आहे. त्यांची पद्धत वेगळी असली तरी रुग्णाला बाधा येत नसेल तर सोडून द्या; अंथरुणाचे कोपरे कसे मुडपायचे यावर वाद घालण्यासाठी तुम्हाला इनचार्ज केलेले नाही. पण हात धुणे, औषध ताडून पाहणे किंवा वेळेवर नोंद करणे यांत त्या टाळाटाळ करीत असतील, तर तेथे गुरुशिष्य नाते आड आणू नका. वॉर्डात सगळ्यांसमोर नव्हे, चेंजिंग रूममध्येही नव्हे (तेथे कुणी ना कुणी असतेच), तर स्टोअरमध्ये नेऊन एका वाक्यात, हात जोडावेसे वाटले तरी न जोडता सांगा. ‘बघू रे’ हे उत्तर असेल तर “किती वाजेपर्यंत, ताई?” एवढेच विचारा.

प्रश्न : मी गडहिंग्लजमध्ये काम करते. आमच्याकडे डॉक्टरच परिचारिकांवर कामे सोपवतात : फोनवर औषध सांगतात आणि दुसऱ्या दिवशी लिहितात, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही आम्हालाच घ्यायला लावतात. नाही म्हणण्याचा अधिकार आम्हाला आहे का?

उत्तर : आहे, आणि तो वापरायचा कसा यावरच सगळे अवलंबून आहे.

संमतीचे आधी घेते, कारण ते सरळ आहे. ऑपरेशन काय आहे, धोके कोणते, दुसरा उपाय काय, हे समजावून सांगणे हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचेच काम आहे. तुम्ही कागद तयार ठेवू शकता आणि साक्षीदार म्हणून सही करू शकता. रुग्णाने “सिस्टर, यात जिवाला धोका आहे का हो?” असे विचारले, तर त्याला अजून नीट समजलेले नाही असे धरून डॉक्टरांना बोलवा. तुम्ही स्वतः उत्तर देऊ नका, उत्तर ठाऊक असले तरी.

फोनवरच्या आदेशाला रात्री दोन वाजता सरसकट नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. पण तो घेण्याची एक शिस्त आहे. सर बोलत असतानाच लिहून घ्या, मग लिहिलेले त्यांना वाचून दाखवा आणि ‘बरोबर’ हा शब्द त्यांच्या तोंडून येईपर्यंत फोन ठेवू नका. आकडा अंकाअंकाने वाचा, कारण फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फारसा फरक ऐकू येत नाही; ‘एक-पाच’ आणि ‘पाच-शून्य’ यांत येतो. शक्य असल्यास दुसऱ्या स्टाफलाही स्पीकरवर ऐकू द्या. तारीख, वेळ आणि डॉक्टरांचे नाव लिहून ‘फोनवरील आदेश, वाचून दाखवला’ अशी नोंद करा आणि तुमच्या रुग्णालयाने ठरवलेल्या मुदतीत त्यावर त्यांची सही घ्या. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांसारख्या औषधांचा मोठा किंवा नेहमीपेक्षा वेगळा डोस फोनवर आला, तर मी स्वतः म्हणत असे, “सर, आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) बेडजवळ बोलावते, त्यांनी बघून लिहिले की लगेच देते.” यात नकार आहे, पण तो कुणाला लागत नाही.

फोन आपण करतो तेव्हाही आपली बाजू नीट हवी. “सर, नऊ नंबर बरा नाही” असे म्हटले की पलीकडून झोपेतले काहीतरी उत्तर येणारच. त्याऐवजी : “सर, नऊ नंबर, काल अपेंडिक्सचे ऑपरेशन. रात्री दहाला नाडी ८८ होती, आता १२४ आहे, बीपी ९०/६०, पोट कडक लागते. मला आतून रक्तस्राव वाटतो. तुम्ही येऊन बघावे अशी विनंती आहे.” परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि मागणी हा क्रम अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आला, असे नव्या मुलींना सांगितले की त्या तो विसरत नाहीत. सर आले नाहीत तर पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन करा, दोन्ही वेळा केसपेपरवर लिहा, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या वरच्या डॉक्टरांना आणि तुमच्या मेट्रनना उठवा. मला अशा कारणासाठी रात्री उठवल्याचा राग कधी आला नाही. सकाळी कळले की आला.